मुकी फेरी

विमानतळाच्या तपासणीत, पडद्यावरच्या बिनचेहऱ्याच्या माणसाच्या पोटावर, डाव्या अंगाला, एक पिवळा चौकोन उमटला आणि तपासणीवाल्याने हात आडवा केला. चौकोन तळहाताएवढाच होता, पण तो बघताच तपासणीला उभ्या असलेल्या याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "खिशात काही राहिलंय का साहेब?" "नाही." "पट्टा?" "पट्टा लावत नाही मी." तपासणीवाल्याने त्याचं जाकीट पाहिलं, जाकिटाआडचे, खांद्यावरून पँट धरणारे गॅलिस पाहिले, आणि लग्नाच्या जुन्या फोटोतून कोणी चालत बाहेर यावं तसं त्याच्याकडे बघितलं. मागे, रेघेच्या पलीकडे, बूट हातात घेऊन त्याच्या हाताखालची धाकटी उभी होती. दहा पावलं, फार तर बारा. तो पुढे वाकला आणि जमेल तेवढ्या खालच्या आवाजात म्हणाला, "ऑपरेशन झालंय. पोटाला पिशवी लावलीय." तपासणीवाला भला माणूस होता, आणि भल्या माणसांचा आवाज नेमका अशा वेळी चढतो. "पिशवी होय! मग आधी नाही का सांगायचं? माझ्या काकांना पण आहे. जा, जा, काही काळजी करू नका." हातमोजा घातलेला हात जाकिटावरून हलकेच फिरला आणि वाट मोकळी झाली. त्याने मागे वळून पाहिलं नाही. ट्रेमधून घड्याळ उचललं, मनगटावर बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. धाकटी आली, वाकून बूट घालू लागली आणि म्हणाली, "सर, गेट सतरा." एवढंच. तिने ऐकलं की नाही, हे त्या तीन शब्दांवरून कळायला काही मार्ग नव्हता.

दुसऱ्या कोणाच्या बाबतीत त्याने स्वतःची समजूत घातली असती. विमानतळ म्हणजे गोंगाट, ट्रे आपटतात, बॅगांची चाकं घरंगळतात, कोण कशाला कान देऊन ऐकतंय! पण धाकटीचे कान त्यानेच तयार केले होते, आठ वर्षं खपून. लिफ्ट बनवणाऱ्या त्यांच्या कंपनीत त्याचं काम काय, तर ऐकणं. सगळे त्याला 'कान' म्हणत, तोंडावर 'कानसाहेब', आणि त्याच्या हाताखाली आलेल्या या मुलीला 'धाकटा कान'. पुढे त्याचं नुसतंच धाकटी झालं. इमारत उभी राहिली, लिफ्ट बसली, यंत्रांनी आपापले आकडे दिले, तरी कंपनीच्या जुन्या रिवाजाप्रमाणे एक फेरी उरायचीच. गिऱ्हाईक, त्यांचा इंजिनिअर, लिफ्ट बसवणारा फिटर आणि कान, एवढ्यांनी आत उभं राहायचं, खालपासून वरपर्यंत जायचं, आणि कोणी चकार शब्द काढायचा नाही. ज्याला काही ऐकू येईल त्याने बोट वर करायचं. हिला मुकी फेरी म्हणत. फेरी संपली की कागद पुढे यायचा. त्यावर एकच ओळ असायची, 'खालपासून वरपर्यंत ऐकली, आवाज नाही', आणि खाली कानाची सही. एकवीस वर्षांत त्याची एकही सही खोटी ठरली नव्हती. या एका गोष्टीचा त्याला गर्व होता आणि तो त्याने कधी लपवलाही नव्हता. लपवण्यासारखं जे होतं ते आत्ता, चार महिन्यांपूर्वी, अंगाला चिकटलं होतं. आतड्यात गाठ निघाली, ती काढली, आणि उरलेल्या आतड्याचं तोंड डॉक्टरांनी बेंबीच्या डाव्या बाजूला बाहेर आणून ठेवलं. त्यावर पिशवी. नर्सबाईंनी त्या तोंडाला एक परदेशी नाव सांगितलं होतं, बायको 'ते' म्हणायची, आणि तो स्वतः म्हणायचा 'भाडेकरू'. कारण तो कधी झोपतो, कधी उठतो, कधी गुरगुरतो, याचा घरमालकाला पत्ता नसे. आवरायला स्नायूच नसतो तिथे, नर्सबाई म्हणाल्या होत्या. त्याला वाटेल तेव्हा तो बोलणार. ऑफिसात त्याने हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. मोठे साहेब म्हणाले, "तब्येत सांभाळा. ही हॉटेलची फेरी तुम्ही करा, पुढचं पुढे बघू. धाकटीही आता तयार झालीय ना?" विचारताना ते हसत होते. त्याला ते हसणं आजही आठवत होतं, दातांसकट. पोट वाजणाऱ्या माणसाला मुक्या फेरीत कोण उभं करणार? कळलं की टेबल मिळणार, खिडकीजवळचं, मानाचं, आणि निवृत्तीपर्यंतची सहा वर्षं त्या टेबलावर बसून दुसऱ्यांच्या सह्या फायलीला लावायच्या. ते त्याला मरणाहून नको होतं. मरणाबद्दल तर, गाठ पुरती निघाल्यामुळे, डॉक्टरांनी आता बोलणंही सोडलं होतं.

गेट सतरापाशी खुर्च्या थंडगार होत्या. तो बसला नाही. बसलं की पोटाची घडी पडते, घडी पडली की पिशवी कुरकुरते. प्लास्टिक ते, कितीही पातळ असलं तरी बोलतंच. बायकोने त्यावर उपाय काढला होता. त्याचा एक धुऊन धुऊन सायीसारखा झालेला सदरा फाडून तिने पिशवीला अभ्रे शिवले होते, चार, आलटून पालटून घालायला. आज पहाटे साडेपाचला तो आरशासमोर उभा होता, आणि ती गुडघ्यावर बसून त्याच्या पँटची उंची बघत होती. पँट नवी, कमरेला दोन इंच ढगळ, बेंबीच्या वर चढणारी. पट्टा पिशवीवर रुततो म्हणून गॅलिस, तेही चिमट्यांचे नाहीत, चिमटा वाजतो, चामडी टोकांचे, बटणांचे. वरून जाकीट, म्हणजे फुगवटा झाकला जाईल. त्यावर सैल कोट. "छान दिसताय," ती म्हणाली, "बँडमास्तर." तो हसला नाही. "चाल बघू," तिने फर्मावलं. तो खिडकीपर्यंत गेला, परत आला. "ऐकू येतंय?" "मला नाही बाई काही ऐकू येत." "तुला कुठे काय ऐकू येतं!" "नाहीच येत," ती शांतपणे म्हणाली, "म्हणून तर तुमच्याशी संसार झाला." मग तिने उकडलेलं अंडं आणि पाव पुढे केला. "खाऊन जा. नर्सबाई काय म्हणाल्या होत्या? रिकामं असलं की जास्त बोलतं ते." "विमानात खाईन." "तुम्ही आणि विमानात खाणार!" त्याने कालपासून काही खाल्लं नव्हतं. आत काही गेलंच नाही तर बाहेर काय बोलेल, असा त्याचा हिशेब. आणि तो नर्सबाई सांगतात त्याच्या बरोबर उलटा आहे हे ठाऊक असूनही त्याच्या मनाला तोच पटत होता. माणूस घाबरला की शहाणपण खुंटीला टांगतो. बायको दारात उभी राहिली. नेहमी ती म्हणायची, लवकर या. आज म्हणाली, "कोणाला कळलं तरी काही आभाळ कोसळत नाही हो." त्याला तिचा राग आला. कारण तिचं बरोबर असण्याची शक्यता होती आणि त्याला ती नको होती.

त्यात गंमत अशी, की प्रवासात काय घालावं याचा कायदा कंपनीत त्यानेच केलेला. एक पानी पत्रक होतं, खात्याच्या भिंतीवर लावलेलं, पोरं चेष्टेने त्याला 'पोथी' म्हणत. विमानातून उतरून थेट जागेवर जायचं असतं, मध्ये कपडे बदलायला सवड नाही, तेव्हा तीन तास बसून चुरगळणार नाही आणि गिऱ्हाइकासमोर लाज आणणार नाही असंच घालायचं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे अंगावरचं काही वाजता कामा नये. सुती चालेल, नायलॉन नाही. खळ नको. बुटाचा तळ मऊ. खिशात किल्ल्या नाहीत, चिल्लर नाही, बांगडी नाही, टिकटिकणारं घड्याळ नाही. एकदा त्याने एका जुन्या सहकाऱ्याला विमानतळावरून परत पाठवलं होतं, चकचकीत जर्किन घालून आला म्हणून. दोन्ही बाह्या एकमेकींवर घासून दाखवल्या होत्या त्याने, सगळ्यांसमोर. "हे काय आहे? ही काय लिफ्ट आहे का, बोलायला?" तो माणूस लालबुंद झाला होता. त्याला थंडी वाजत असेल, ताप असेल, घरात दुसरं धुतलेलं नसेल, असलं काही तेव्हा याच्या मनातही आलं नाही. आज खुर्च्यांच्या रांगेत उभं राहून आलं. त्याने ते झटकून टाकलं. एका वेळी एकच भीती पुरे.

विमानात त्याची जागा खिडकीची निघाली. त्याने रांगेकडेची मागितली होती. धाकटी म्हणाली, "मी सरकते सर, तुम्ही कडेला बसा," आणि विचारल्याशिवाय आत सरकली. ही साधी माणुसकी म्हणायची, की तिने पिशवीचं ऐकलं म्हणून? पट्टा बांधताना तो अडला. हवाईसुंदरी वाकून बघत होती, "थोडा खाली घ्या सर, मांडीजवळ, आणि ओढून घट्ट." खाली घेतला तर बरोबर भाडेकरूच्या डोक्यावर. त्याने पट्ट्याखाली कोटाची घडी कोंबली. विमान वर चढलं तशी त्याला पोटाशी एक हालचाल जाणवली. दुखणं नाही, नुसती एक सावकाश भरत जाणारी ऊब. वर हवा विरळ होते आणि पिशवीतली फुगते, हे त्याला वाचून ठाऊक होतं, पण वाचलेलं आणि स्वतःच्या शर्टाखाली उशीसारखं वर येणारं, यांत फरक असतो. त्याचं सगळं लक्ष त्या चार बोटं जागेत जाऊन बसलं. इंजिनाची घरघर चालू होती, कोणी मूल रडत होतं, पुढे चहाची गाडी खडखडत होती, आणि त्याला यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्याला फक्त आतलं ऐकू येत होतं. एक बुडबुडा सुटला, सरकला, थबकला. पुढे जाईल की नाही? लहानपणी आजारी आईच्या खाटेशी बसून तो असाच तिचा श्वास मोजायचा. एक गेला की दुसरा येईपर्यंत स्वतःचा धरून ठेवायचा. त्यातूनच त्याला ऐकण्याची सवय लागली असावी. आई बरी झाली, सवय राहिली, आणि पुढे तीच सवय पोटापाण्याचं साधन झाली. "सर, चहा?" धाकटी विचारत होती. बहुधा दुसऱ्यांदा. "नको." "काहीतरी खा. सकाळपासून..." "नको म्हटलं ना." तिने स्वतःचा चहा घेतला आणि फुंकर न घालता प्यायली, आवाज न करता. तेही त्यानेच शिकवलेलं.

शेवटी तो उठला. संडासाबाहेर तीन माणसं. तिघांनीही त्याच्याकडे, त्याच्या कोटाकडे, जाकिटाकडे पाहिलं. विमानात इतका नटून संडासाला कोण जातं? आत गेल्यावर कोट काढायला कोपर भिंतीला लागत होतं. जाकिटाची पाच बटणं. गॅलिसची मागची सोडायला हात पुरेना, म्हणून पुढचीच सोडली. पिशवीचं तोंड जरासं उघडून हवा सोडताना त्याने नळ चालू ठेवला. कोणीतरी दार वाजवलं. त्याच वेळी विमान हादरलं, डोक्यावरचा दिवा लागला, 'कृपया आपल्या जागेवर परत या,' आणि घाईने ओढताना डाव्या गॅलिसचं बटण तुटून कुठेतरी गेलं. खाली वाकून शोधायला तिथे जागाच नव्हती. आरशात एक घामेजलेला माणूस, अर्धी पँट धरून उभा. "कानसाहेब," तो त्याला म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं, आणि लगेच रडूही येईल असं वाटलं म्हणून त्याने तोंडावर पाणी मारलं. सुटलेलं टोक जाकिटाआड दाबून, बटणं लावून, कोट चढवून तो जागेवर आला. पाच मिनिटांनी धाकटीने तळहात पुढे केला. त्यावर एक सेफ्टी पिन. "कशाला?" "डावा गॅलिस सुटलाय तुमचा. टोक जाकिटाच्या आत आपटतंय." "दिसतंय?" "दिसत नाही, ऐकू येतंय." तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला स्वतःला ते ऐकू आलं नव्हतं. त्याने पिन घेतली. अजून काय काय ऐकू येतं तुला, हे विचारायला त्याची जीभ रेटेना.

उतरल्यावर कान मोकळे व्हायला तास लागतो, हाही पोथीतलाच नियम. गाडीतून जाताना दोघं जबडे हलवत, जांभया काढत बसली. हॉटेल बावीस मजली, नवंकोरं. खाली रंगाचा वास, सोफे अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. मालकीणबाई सत्तरीच्या, काठी टेकत आल्या, काठीला रबराची टोपी घातलेली बघून त्याला त्यांच्याविषयी आदर वाटला. सोबत त्यांचा चष्मेवाला इंजिनिअर, वहीवर पेन टेकवूनच उभा. आणि कंपनीचा थोरला फिटर. तीन महिने घरदार सोडून तो इथे राहिला होता. आज दाढी करून, धुतलेला शर्ट घालून आलेला. "साहेब," तो हळूच म्हणाला, "लोण्यासारखी चालते. पोरीचं लग्न आहे पुढच्या आठवड्यात, आज सही झाली की रात्रीच निघतो." याने मान हलवली. नेहमीच्या जागी, डाव्या मागच्या कोपऱ्यात, तो उभा राहिला. लिफ्ट ज्यावरून सरकते तो रूळ तिथून जवळ पडतो. धाकटी दाराशी. दार मिटलं. मालकीणबाईंनी डोळे मिटले. फेरी सुरू झाली.

ती शांतता त्याने एकवीस वर्षं कमावली होती, आणि आज ती त्याच्या अंगावर आली. लिफ्ट चालतेय हे फक्त गुडघ्यांना कळत होतं. तीन, चार, पाच. कोणाचा श्वासही ऐकू येऊ नये एवढं शांत. तो कानांनी रुळावर होता आणि उरलेला सगळा जीव पोटात. आठ. नऊ. आत काहीतरी वळलं. बाराव्यावर त्याने पोट आत ओढलं, तेराव्यावर श्वास धरला, आणि चौदावा आकडा लागला तेव्हा भाडेकरू बोलला. लांबलचक, खालच्या पट्टीतली गुरगुर. मध्ये थांबली, आणि शेपटी हलवून संपली. सोळावा आकडा आला होता. सगळ्यांनी वर पाहिलं. त्याच्याकडे कोणीच नाही, सगळ्यांनी छताकडे. कारण मुक्या फेरीत आवाज झाला तर तो लिफ्टचाच असणार, माणसाचा कसा असेल? इंजिनिअरचं बोट वर गेलं. फिटरचा चेहरा उतरला.

वर पोचून दार उघडलं. "चौदाव्याच्या आसपास," इंजिनिअर वहीत लिहीत म्हणाला, "वरच्या बाजूला काहीतरी घुमलं. मोटर?" "मोटर नाही हो," फिटर कळवळून म्हणाला, "काल रात्री मी स्वतः..." "मग काय होतं?" मालकीणबाईंनी विचारलं. "सगळं उघडावं लागेल?" फिटर याच्याकडे बघत होता. सगळेच याच्याकडे बघत होते. कान काय म्हणतो? "माझं पोट होतं," धाकटी म्हणाली. आणि हसली. "माफ करा. पहाटेपासून उपाशी आहे मी. विमानातलं मला चालत नाही." मालकीणबाई खुदकन हसल्या, फिटरने कपाळाचा घाम पुसला, इंजिनिअरने वहीतली ओळ खोडली. कागद पुढे आला, पेन पुढे आलं. तो कागद भिंतीवर धरून वाचत राहिला, जशी काही ती ओळ तो पहिल्यांदाच वाचत होता. धाकटी शेजारी येऊन उभी राहिली. "केव्हापासून?" त्याने ओठ न हलवता विचारलं. "तुम्ही रजेवरून आलात त्याच दिवशी," ती म्हणाली. "पिशवी वाजते, सर. जिन्यावर जास्त. मला वाटलं तुम्हाला सांगायचं नाहीये, तर मी कशाला?" तेव्हापासून. चार अभ्रे, नवी पँट, रोजची ती खिडकीपर्यंतची चाल. तिने सगळं ऐकलं होतं आणि पोटात ठेवलं होतं. त्याला तिचा संताप आला, मग लाज वाटली, आणि मग या दोन्हींच्या खालून एक वेगळीच गोष्ट वर आली. चौदा ते सोळा त्याने लिफ्ट ऐकलीच नव्हती. भाडेकरू बोलत होता तेव्हा कंपनीचा कान भाडेकरूकडे होता. तिथे लिफ्ट गायली असती तरी त्याला कळलं नसतं. खालपासून वरपर्यंत ऐकली, असं कागद म्हणत होता.

सही केली असती तर कोणाचंही काही बिघडलं नसतं. फिटर लग्नाला गेला असता. तो स्वतः संध्याकाळच्या विमानाने घरी, आणि पुढची फेरीही त्याचीच. त्याने पेन टेकवलंही. पण हात पुढे सरकेना. "बाई," तो वळून म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच परका वाटला, "ही खोटं बोलली. माझ्यासाठी बोलली. तो आवाज माझा होता." त्याने जाकिटाचं एक बटण काढलं आणि पुन्हा लावलं. "माझ्या पोटाला पिशवी आहे. ऑपरेशन झालंय. ती वाजते, मला थांबवता येत नाही. आणि ती वाजत असताना मी दोन मजले ऐकले नाहीत. तेव्हा परत एकदा जावं लागेल. वाजली तर माझी समजा, छताकडे बघू नका." इंजिनिअर वहीकडे बघू लागला. मग मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, मग एवढं बटणं लावून कशाला उभे आहात? चला, परत जाऊ." आणि त्या काठी टेकत आधी आत शिरल्या.

लिफ्ट खाली गेली, दार उघडून मिटलं, पुन्हा निघाली. आता सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला वाटलं होतं हलकं वाटेल. उलट प्रत्येक मजल्याला तो स्वतःलाच बजावत होता, आता नको, आता नको. अकरा. बारा. भाडेकरू गप्प. तेरा. चौदा. गप्प. चौदा गेला आणि त्याच्या छातीतून एवढा मोठा निःश्वास सुटला की तो त्याला दाबावा लागला. वाचलो. त्याने डोळे उघडले. दाराशी धाकटीचं बोट वर होतं. तिने ते घाबरत घाबरत वर केलं होतं, खांद्याच्या वर न जाऊ देता, आणि ती त्याच्याकडे बघत होती, त्याचंही वर गेलंय ना हे बघायला. त्याचे दोन्ही हात पोटावर होते.

"पंधरा," ती वर पोचल्यावर म्हणाली. "डाव्या रुळाला. बारीक टिक् झालं. एकदाच." डावा रूळ, म्हणजे त्याच्या कानापासून हातभर. फिटर वाद घालायला तोंड उघडत होता, पण याच्याकडे बघून त्याने ते मिटलं आणि पाने-पक्कड घेऊन गेला. वीस मिनिटांनी तो परत आला तेव्हा त्याचे हात काळे झाले होते आणि आवाज खाली आला होता. "जोडावरचा बोल्ट. अर्धा फेर ढिला होता. ताई, देवासारखं ऐकलंत. चार महिन्यांनी बोंब झाली असती माझी." धाकटीला यावर काय करावं ते कळेना. ती याच्याकडे वळली. "सर, तुम्हीही ऐकलंच असेल. तुम्ही बोट करणारच होतात, मी जरा घाई..." "नाही," तो म्हणाला. "मी नाही ऐकलं."

खाली आल्यावर तिसऱ्या फेरीला सगळे आत शिरले. तो दाराबाहेर राहिला. "सर?" "डाव्या कोपऱ्यात उभी राहा. रूळ तिथून जवळ पडतो." "आणि सही?" "ऐकेल त्याची." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याने ते पाहिलं आणि त्याला बरं वाटलं नाही, पण वाईटही वाटलं नाही. मालकीणबाईंनी मान किंचित झुकवली. दार मिटलं, अजिबात आवाज न होता. चांगलं काम केलं होतं फिटरने.

मोकळ्या दालनात तो एकटा उरला. दारावरच्या पट्टीत आकडे सरकू लागले. दोन, तीन, चार. त्याने कोट काढून हातावर घेतला. मग जाकिटाची बटणं काढली, पाचही. भाडेकरू एवढा वेळ थांबला होता की काय कोण जाणे, तो आता मोठ्याने, आरामात, घरच्यासारखा बोलायला लागला. पलीकडे सोफ्यावरचं प्लास्टिक कापणारा माणूस मान वर करून बघू लागला. याने त्याला बघू दिलं. त्याला फार वाईट वाटत होतं. एकवीस वर्षांचं काहीतरी त्या बंद दाराआड वर चाललं होतं आणि ते परत येताना त्याचं नसणार होतं. बारा. तेरा. तो दाराजवळ गेला आणि त्याने थंड पत्र्याला कान लावला. चौदा. पंधरा. सोळा. इथून काहीच ऐकू येत नव्हतं.